खोटे माप, खोटी साक्ष, खोटे मन : बायबलमधील कपटाचा विचार



आजचा विषय 'दुष्टपणा आणि कपट : बायबल काय सांगते' असा जाहीर झाला आहे. तो वाचून काहींना वाटले असेल की आता तासभर उपदेश ऐकावा लागणार. तसे होणार नाही. मी धर्मोपदेशक नाही. उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, आणि त्या धंद्यात उत्तरांपेक्षा प्रश्नांचीच सवय जास्त लागते. बायबलकडे आज आपण इतिहासाच्या विद्यार्थ्यासारखे पाहू. पश्चिम आशियातल्या एका लहानशा समाजाने अनेक शतके जपलेल्या, लिहिलेल्या, पुन्हा पुन्हा तपासलेल्या या नोंदी आहेत. त्या समाजाला दुष्टपणा कुठे दिसला, कपट म्हणजे काय वाटले, आणि त्याच्या वाचकांनी पुढे दोन हजार वर्षे त्यावर काय वाद घातले, हे आपल्याला बघायचे आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे निधन झाले, त्यानंतर ते प्रसिद्ध झाले. एवढी विदुषी मूळ भाषांपर्यंत का गेली असेल? कारण भाषांतरात शब्दांची नाती तुटतात. हिब्रूत 'दुष्ट' यासाठी जो शब्द येतो तो 'राशा'. हा मुळात कोर्टकचेरीतला शब्द आहे. 'अनुवाद' या पुस्तकात न्यायाधीशांना सांगितले आहे की दोन माणसे तंटा घेऊन आली तर जो निर्दोष त्याला निर्दोष ठरवा आणि जो दोषी त्याला दोषी ठरवा. तिथे दोषी म्हणजे 'राशा'. म्हणजे दुष्ट माणूस म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला खलनायक येतो, तसा त्या समाजापुढे येत नव्हता. त्यांच्यापुढे येत होता तो ज्याच्यामुळे दुसऱ्याचे काहीतरी बुडाले आहे असा माणूस.

दुसरा शब्द 'मिर्मा'. मिर्मा म्हणजे कपट, फसवणूक. नीतिसूत्रांत खोट्या तागडीला मिर्माची तागडी म्हटले आहे. आणि हाच शब्द उत्पत्तीच्या पुस्तकात एका मुलाने आपल्या बापाला फसवले तेव्हा येतो. बाजारातली तागडी आणि घरातला मुलगा, दोघांना एकच शब्द! हे लक्षात ठेवा, कारण माझे आजचे म्हणणे याच धाग्यावर उभे आहे. बायबलच्या दृष्टीने कपट म्हणजे ज्या गोष्टीवर दुबळ्याला विसंबावेच लागते तीच गोष्ट त्याच्याविरुद्ध वापरणे. शब्द खोटा असणे हा त्याचा एक भाग झाला. खरा प्रश्न असा की विश्वास कुणाचा होता आणि तो कुणी खाल्ला.

आधी माप बघू.

आपल्याकडे म्हण आहे, मापात पाप. ऊसपट्ट्यात 'काटा मारला' म्हटले की शेतकऱ्याला आणखी काही समजावून सांगावे लागत नाही. जुने सावकार घ्यायची पायली वेगळी आणि द्यायची वेगळी ठेवत, हे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होते. आता बघा, 'अनुवाद'च्या पंचविसाव्या अध्यायात नेमके हेच आहे. पिशवीत दोन प्रकारची वजने, एक मोठे एक लहान, ठेवू नका. घरात दोन प्रकारची मापे ठेवू नका. हिब्रूत वजनाला शब्दच 'दगड' असा आहे, कारण वजने खरोखर दगडाची असत. यरुशलेम, लाखीश अशा ठिकाणच्या उत्खननांत घुमटाच्या आकाराचे, चुनखडीचे असे छोटे छोटे दगड सापडले आहेत. त्यांवर खुणा कोरलेल्या आहेत. एक शेकेल म्हणजे साधारण ११.३ ग्रॅम. त्या काळी नाणी नव्हती, चांदी तोलून द्यायची. म्हणजे माल तोलायचा आणि पैसाही तोलायचा. दगड खोटा असला की गरीब दोन्ही बाजूंनी बुडाला.

इसवी सनपूर्व आठव्या शतकात आमोस नावाचा माणूस झाला. बेथलेहेमच्या दक्षिणेला तकोवा गाव, तिथला हा मेंढपाळ. उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखण्याचेही काम करी. तो उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला. यराबाम दुसरा तिथे राज्य करत होता, व्यापार जोरात होता, मंदिरात उत्सव चालू होते. आमोसने व्यापाऱ्यांच्या मनातले बोलून दाखवले. शब्बाथ कधी संपतो आणि आम्ही धान्याची कोठारे कधी उघडतो, असे यांना झाले आहे. धान्याचे माप लहान करायचे, चांदी तोलायचा दगड जड करायचा, आणि वर गव्हाचा भुसाही विकायचा. शेवटी कर्जात बुडालेला गरीब माणूस एका जोडा चपलांच्या मोलाने विकत घ्यायचा. बघा, हे व्यापारी शब्बाथ पाळतात. धर्म मोडत नाहीत. त्या दिवशी दुकान बंद ठेवतात आणि मनात उद्याचा हिशोब करतात. आमोसचा राग यावर आहे.

आणखी एक गोष्ट. लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय कधी सवडीने वाचा. त्यात खऱ्या तागडीचा नियम आहे. त्याच अध्यायात बहिऱ्याला शाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका हा नियम आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञाही त्याच अध्यायात आहे. लोकांना ती आज्ञा पाठ असते. तिच्या शेजारी तागडी आणि आंधळा उभे आहेत हे विसरले जाते. बहिऱ्याला शाप ऐकू येत नाही. आंधळ्याला दगड दिसत नाही. गिऱ्हाइकाला वजनाच्या आत काय आहे ते कळत नाही. तिघेही आपल्या भरवशावर असतात.

आता घरात जाऊ. घरातही एक आंधळा आहे.

इसहाक म्हातारा झाला आहे, डोळे गेले आहेत. थोरला मुलगा एसाव शिकारीला गेला आहे. तो परतला की बाप त्याला आशीर्वाद देणार. आई रिबका धाकट्याला, याकोबाला, पुढे करते. एसाव केसाळ, म्हणून याकोबाच्या हातांना आणि मानेला करडाची कातडी लावते. एसावचे कपडे घालते. आंधळा बाप चाचपून बघतो. आवाज धाकट्याचा वाटतो, हात थोरल्याचे वाटतात. मग तो कपड्यांचा वास घेतो आणि आशीर्वाद देऊन टाकतो. म्हाताऱ्याने आपल्या परीने सगळी चौकशी केली, हे इथे महत्त्वाचे. त्याच्याकडे उरलेल्या प्रत्येक इंद्रियासाठी एकेक पुरावा तयार ठेवला होता. फक्त आवाज बदलता आला नाही. नंतर एसाव येतो, आणि बाप थरथर कापत सांगतो की तुझा भाऊ मिर्माने आला होता. हाच तो शब्द.

हा याकोब कोण? इस्राएल हे नाव ज्याला पुढे मिळाले तो. म्हणजे एका संपूर्ण राष्ट्राचा मूळ पुरुष. आपण आपल्या कुळाच्या मूळ पुरुषाबद्दल असे लिहून ठेवू का? बखरी आठवून बघा. पण या ग्रंथाने ते झाकले नाही. उपदेशही केला नाही. पुढे काय घडले ते फक्त सांगितले. याकोबाला घर सोडून पळावे लागले. आईची आणि त्याची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेख कुठेही नाही. मामा लाबानने लग्नाच्या रात्री धाकट्या राहेलच्या जागी थोरल्या लेआला पाठवले. सकाळी याकोब मामाला जाब विचारतो, तेव्हा तो मिर्माच्याच धातूचे क्रियापद वापरतो. अंधारात एका भावंडाच्या जागी दुसरे उभे करण्याचा खेळ त्याच्यावरच उलटला. पुढे म्हातारपणी त्याच्या मुलांनी योसेफाला विकले, त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवला आणि बापापुढे टाकून ओळख म्हणाले. करडाच्या कातडीने सुरू झालेली गोष्ट बकऱ्याच्या रक्तापर्यंत येते. लेखक एका शब्दाने टिपणी करत नाही. ऐकणाऱ्याला कळते.

इथपर्यंत कपट दोन माणसांमधले होते. आता दुसऱ्या पायरीवर येऊ, म्हणजे साक्ष. इथे राज्यसत्ता येते.

इसवी सनपूर्व नवव्या शतकात इस्राएलवर अहाब राज्य करत होता. हा काही पुराणातला राजा नव्हे. अश्शूरचा सम्राट तिसरा शल्मनेसेर याच्या कुर्ख येथे सापडलेल्या शिलालेखात त्याचे नाव आहे, इ. स. पू. ८५३ मधल्या कर्कारच्या लढाईत त्याने २००० रथ उतरवले असे त्यात म्हटले आहे. तो शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तर अशा या दोन हजार रथांच्या धन्याला एक द्राक्षमळा हवा होता. कशाला? तर भाजी लावायला. इज्रेल गावी त्याच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा मळा होता. याच इज्रेलच्या परिसरात अलीकडच्या उत्खननात खडकात कोरलेले द्राक्षे तुडवण्याचे कुंड मिळाले आहे. त्याने नाबोथची गोष्ट सिद्ध होत नाही; पण इथे द्राक्षांची शेती होती एवढे दिसते.

अहाबने सरळ सौदा मांडला. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे घे. नाबोथ नाही म्हणाला. कारण ते वाडवडिलांचे वतन होते. मराठी बायबलात हाच शब्द आहे, वतन. आपल्याला तो वेगळा समजवायला नको. त्या समाजात जमीन देवाची मानली जाई आणि कुळाकडे ती राखणीला असे. कायमची विकायची नसे, असे लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. राजालाही तो नियम ठाऊक होता. म्हणून तो काही बोलला नाही. बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडला आणि जेवेना.

मग राणी ईजबेल पुढे झाली. तिने काय केले? सैन्य पाठवले नाही. तिने पत्रे लिहिली. राजाच्या नावाने लिहिली, राजाची मोहोर उठवली, आणि इज्रेलच्या वडीलधाऱ्यांना व प्रतिष्ठितांना धाडली. पत्रात लिहिले होते की उपासाचा दिवस जाहीर करा, नाबोथला सर्वांसमोर मानाच्या जागी बसवा, त्याच्यासमोर दोन नालायक माणसे बसवा, आणि त्यांच्याकडून साक्ष द्यायला लावा की याने देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले. मग त्याला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारा.

इथे जरा थांबू. साक्षीदार दोनच का? कारण कायदा तसा होता. एकाच्या साक्षीवरून कुणाला देहान्त देऊ नये, दोन किंवा तीन साक्षीदार लागतील, असे 'अनुवाद' सांगतो. हा नियम निरपराध माणसाच्या रक्षणासाठी केलेला. त्यातच पुढे आहे की साक्षीदारानेच पहिला दगड उचलावा. खोटे बोलायचे तर हातही रक्ताचे करावे लागतील, ही धाक बसवण्याची योजना. आणि साक्ष खोटी निघाली तर आरोपीला जी शिक्षा होणार होती तीच साक्षीदाराला. इतकी काळजी घेतलेला कायदा. ईजबेलने त्यातले एकही कलम मोडले नाही. तिने ते सगळे पाळून दाखवले. उपास झाला, सभा भरली, दोन साक्षीदार झाले, शिक्षा गावाबाहेर झाली. कागदोपत्री नाबोथचा खटला निर्दोष आहे. आपल्याकडे 'ध' चा 'मा' करण्याची आख्यायिका सांगतात. इथे अक्षरही बदलावे लागले नाही.

या कथेत मला सर्वांत भयंकर वाटते ते एक बारीक वाक्य आहे. पत्र अहाबच्या नावाने आले होते, मोहोर अहाबची होती. पण काम झाल्यावर गावच्या वडीलधाऱ्यांनी निरोप कुणाला पाठवला? ईजबेलला. म्हणजे पत्र कुणाचे, ते त्यांना पुरते ठाऊक होते. साक्षीदार भाडोत्री आहेत हेही ठाऊक होते, कारण तेच त्यांनी आणून बसवले. नाबोथला ते लहानपणापासून ओळखत असणार. गावच केवढे ते. त्यांतल्या एकाने जरी म्हटले असते की हे पत्र मला मिळालेच नाही, तर? पण कुणी म्हटले नाही. बायबल त्यांची नावे देत नाही. राजाचे, राणीचे, मेलेल्याचे नाव आहे. या सह्याजीरावांचे नाही.

आणि अहाब? नाबोथ मेला हे कळताच तो उठला आणि मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. कसा मेला, हे त्याने विचारले नाही. न विचारणे हीच त्याची हुशारी. मळ्यात त्याला एलीया संदेष्टा भेटला आणि त्याने सरळ आरोप केला की खून तूच केलास आणि वर ताबाही घेतलास. मोहोर ज्याची, जबाबदारी त्याची. माहीत नव्हते ही सबब एलीयाने ऐकून घेतली नाही.

याच्या शेजारी दुसरी एक कथा ठेवतो. दानीएलाच्या पुस्तकाच्या ग्रीक आवृत्तीत सुसान्नाची गोष्ट आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा तिला बायबलचा भाग मानतात, प्रॉटेस्टंट मानत नाहीत. तिथेही दोन साक्षीदार आहेत, आणि तेही समाजातले वडीलधारे न्यायाधीश. सुसान्ना त्यांना वश झाली नाही म्हणून तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात. सभा ऐकते, शिक्षा ठरते. एवढ्यात दानीएल नावाचा तरुण उठतो आणि म्हणतो की या दोघांना वेगवेगळे बसवा. एकेकाला एकच प्रश्न विचारतो : कोणत्या झाडाखाली पाहिलेस? दोघे दोन वेगळी झाडे सांगतात. खटला संपला. तोच कायदा, तेच दोन साक्षीदार, तशीच गावसभा. फरक एवढाच की तिथे एकाने प्रश्न विचारला. उलटतपासणी ज्याला म्हणतात ती याहून निराळी काय आहे?

आता तिसरी पायरी, मन. ही सर्वांत अवघड.

दावीद हा इस्राएलचा लाडका राजा. त्याने उरीया नावाच्या आपल्या शिपायाच्या बायकोशी संबंध ठेवला. तिला दिवस गेले. झाकण्यासाठी उरीयाला आघाडीवरून बोलावले, घरी जायला सांगितले. माझे सोबती उघड्यावर असताना मी घरी कसा झोपू, म्हणून तो गेला नाही. तेव्हा दावीदानेही पत्र लिहिले. सेनापतीला लिहिले की उरीयाला लढाईच्या ऐन तोंडावर ठेव आणि मागे हट. आणि ते पत्र उरीयाच्याच हाती दिले. स्वतःचे मरण हातात घेऊन तो इमानी माणूस परत गेला. त्याने ते फोडले नाही. दावीदाला ठाऊक होते की हा फोडणार नाही. कपट कशावर जगते, हे याहून स्पष्ट कसे सांगणार? ते समोरच्याच्या इमानावर जगते.

पुढे नाथान संदेष्टा येतो आणि राजाला एक फिर्याद सांगतो. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरे होती, गरिबाकडे एकच कोकरू. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने गरिबाचे कोकरू मारले. दावीद संतापतो, त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा योग्य म्हणतो. नाथान म्हणतो की तो माणूस तूच. माझे विद्यार्थी दरवर्षी विचारायचे, सर, दावीदाला हे आधीच कसे कळले नाही? माझ्या मते त्याची न्यायबुद्धी शाबूत होती, फक्त तिच्यापुढे स्वतःचा खटला कधी आलाच नव्हता. दुसऱ्याचे नाव लावून आला तेव्हा निकाल एका क्षणात लागला. स्वतःला फसवणे म्हणजे काय, याचे याहून नेमके वर्णन मला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत फारसे मिळालेले नाही.

यिर्मया संदेष्टा म्हणतो की माणसाचे हृदय सर्वांहून कपटी आहे. तिथे त्याने कपटी यासाठी 'आकोव' हा शब्द वापरला आहे. याकोब या नावाचा हिब्रू उच्चार 'याकोव'. धातू एकच! एसावने रडताना याच नावावर कोटी केली होती, की याने नावाप्रमाणे दोनदा माझी फसवणूक केली. यिर्मयाच्या ऐकणाऱ्यांना तो नाद नक्कीच ऐकू आला असणार. आपल्या छातीत एक याकोब बसला आहे आणि आपण त्याच्यापुढचे आंधळे इसहाक आहोत.

इथपर्यंत सगळे सरळ वाटते. पण बायबलात दोन सुईणी आहेत आणि त्यांनी पुढच्या पंडितांची झोप उडवली. निर्गमच्या पहिल्याच अध्यायात शिफ्रा आणि पुवा या सुईणींना फारो हुकूम देतो की इब्र्यांचे मुलगे जन्मताच मारा. त्या मारत नाहीत. जाब विचारल्यावर सांगतात की इब्री बायका भारी चपळ, आम्ही पोहोचण्याआधीच बाळंत होतात. ही थाप आहे हे उघड आहे. आणि ग्रंथ म्हणतो की देवाने त्यांचे भले केले. मग खोटे बोलणे चालते काय?

इसवी सन ३९५ च्या सुमारास आफ्रिकेतल्या हिप्पोच्या ऑगस्टीनने असत्यावर एक पुस्तक लिहिले, ४२० च्या सुमारास दुसरे. त्याचे उत्तर ठाम होते : नाही, कधीच नाही. त्याने असत्याचे आठ प्रकार पाडले, काही कमी वाईट ठरवले, पण परवानगी एकालाही दिली नाही. सुईणींना बक्षीस मिळाले ते दयेबद्दल, थापेबद्दल नव्हे, असे तो म्हणतो. याच प्रश्नावरून बेथलेहेममध्ये राहणाऱ्या जेरोमशी त्याचा वाद झाला. पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांदेखत खडसावले ते ठरवून केलेले नाटक होते, असे जेरोमने गलतीकरांस पत्रावरच्या भाष्यात लिहिले होते. ऑगस्टीनने कळवले की एक सोयीचे असत्य शास्त्रात शिरू दिले तर मग कोणत्या वाक्यावर भरवसा ठेवायचा? गंमत अशी की हे पत्र जेरोमच्या हाती पडण्याआधी दुसऱ्यांच्याच हातांत फिरत राहिले, आणि जेरोमला वाटले की हा आपल्यामागे आपली निंदा करतो आहे. सत्यावरच्या वादात अविश्वास शिरला तो टपालाच्या घोळाने!

आजच्या वाचकाला ऑगस्टीन हट्टी वाटतो. १७९७ साली कान्टने तर दारात खुनी उभा असला तरी त्याच्याशी खोटे बोलू नये असे लिहिले, तेव्हापासून या मताची टिंगलच होते. पण ४२० चे पुस्तक कशासाठी लिहिले ते पाहा. स्पेनमध्ये प्रिसिलियनपंथी लोक आपली मते लपवत. कॉन्सेन्टियस नावाच्या गृहस्थाने विचारले की आमच्या माणसांनी खोटेच त्या पंथाचे होऊन त्यांना हुडकून काढले तर चालेल ना? ऑगस्टीन म्हणाला, चालणार नाही. चांगल्या हेतूचे खोटे एकदा मान्य केले की ते आधी सत्ताधाऱ्याच्या हाती जाते, हे त्याला दिसत होते. ईजबेललाही राज्याचे हितच दिसत होते म्हणा.

दुसऱ्या टोकाला डीट्रिख बोनहॉफर. हा जर्मन धर्मशास्त्रज्ञ हिटलरविरोधी कटात सामील होता. एप्रिल १९४३ मध्ये त्याला पकडले आणि बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवले. चौकशीत तोंड उघडले तर सोबती मरणार. तिथे त्याने सत्य बोलणे म्हणजे काय यावर एक निबंध लिहायला घेतला. तो अपुराच राहिला. त्यात एक उदाहरण आहे. शिक्षक भर वर्गात एका पोराला विचारतो की तुझा बाप दारू पिऊन घरी येतो हे खरे ना? खरे असते, पण पोरगा नाही म्हणतो. बोनहॉफर म्हणतो की या खोट्याचा दोष शिक्षकाचा; त्याला तो प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छावणीत बोनहॉफरला फाशी दिले.

मग खरे कोणाचे? दोघांनाही यिर्मयासमोर उभे करून बघू. बोनहॉफरची वाट मोकळी केली की आपल्या छातीतला याकोब लगेच म्हणेल, माझेही खोटे त्या सुईणींसारखेच आहे. म्हणून मी स्वतःपुरते दोन प्रश्न करून ठेवले आहेत. पटले तर घ्या. हे खोटे पचले तर कुणाचे बुडेल? आणि उघडे पडले तर कुणाची मान जाईल? सुईणींची थाप पचली तेव्हा बाळे जगली आणि बुडाला तो फारोचा हुकूम. उघडी पडली असती तर मान त्यांची स्वतःची गेली असती. ईजबेलचे खोटे पचले तेव्हा नाबोथ बुडाला, आणि तिच्या केसालाही तेव्हा धक्का लागला नाही. दोन्ही प्रश्न हवेत, एकाने भागत नाही. कारण रिबकाने याकोबाला सांगितले होते की शाप लागलाच तर तो मला लागो. स्वतःची मान पुढे करायला ती तयार होती. पण बुडाले ते आंधळ्या नवऱ्याचे आणि थोरल्या मुलाचे. तेव्हा त्यागाची तयारी आहे म्हणून कपट शुद्ध होत नाही.

आपल्यातले फार थोडे लोक अहाब किंवा ईजबेल होणार आहेत. सुईणींएवढे धैर्यही रोज लागत नाही. पण इज्रेलचे वडीलधारे आपण कधीही होऊ शकतो. पतसंस्थेत, पंचायतीत, विद्यापीठाच्या समितीत, घरच्या वाटणीपत्रावर, मोहोर उठलेला कागद समोर येतो. सगळे नियमात बसवलेले असते. फक्त सही करायची असते. अशा वेळी त्या गावात दानीएलासारखा एक प्रश्न विचारला गेला नाही, म्हणून वाड्याशेजारच्या त्या मळ्यात भाजी लागली.